चौथी सीट आणि पाचवी आरती

डोंबिवलीत माणसाची कंबर दुखायला लागली की ती त्याची एकट्याची राहत नाही. ताप आला तर लोक ‘काळजी घ्या’ म्हणून सुटतात. पोट बिघडलं तर ‘काय खाल्लंत?’ विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत आपापला निष्कर्ष काढून मोकळे होतात. पण कमरेवर हात ठेवून तुम्ही जिना उतरताना दिसलात की सोसायटीची सर्वसाधारण सभाच भरते. एरवी गणसंख्येअभावी तहकूब होणाऱ्या या सभेचा कोरम त्या दिवशी पहिल्या मजल्यावरच पुरा होतो.

माझ्या कमरेचं निदान दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दारातूनच केलं. “एल फोर, एल फाइव्ह,” एवढं म्हणाले आणि पेपर वाचायला आत गेले. काकांची हयात पोस्टात गेली, पण हे दोन मणके कळायला आपल्याकडे वैद्यकीय शिक्षण लागत नाही. स्वतःचा रक्तगट विचारला तर ‘बघावं लागेल’ म्हणणारी माणसं स्वतःच्याच काय, साडूच्याही मणक्यांचे क्रमांक धडाधड सांगतात. तसा काकांचा नेम फार चुकण्यासारखाही नाही म्हणा. कमरेच्या चकत्यांची बहुतेक भांडणं खालच्या दोन मजल्यांवरच होतात. सेक्रेटरींचं मत ‘नस दबलीय’ असं पडलं. तळमजल्यावरच्या मावशींनी ‘मणक्यात गॅप आलाय’ असा निकाल दिला. गॅप नेमका कशात आणि कशामुळे येतो, हे विचारायची माझी प्राज्ञा नव्हती, कारण मी कठड्याला धरून अर्धा वाकलेला होतो आणि मला लोकल पकडायची होती.

2020 साली जगात 61 कोटी 90 लाख लोकांची कंबर दुखत होती, असा अंदाज आहे. एवढी माणसं एकाच तक्रारीवर एकत्र आलेली असताना ती घेऊन जायचं कोणाकडे, यावर आमच्या ए विंगचंसुद्धा एकमत होत नाही.

आईने मात्र सगळ्यांना बाजूला सारलं. “उसण भरलीय. पायाळू बघा कोणीतरी.”

नव्या पिढीसाठी सांगतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने कमरेवर लाथ मारली की उसण उतरते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. त्याच्यावर वीज पडते, म्हणून पावसात त्याच्याशेजारी उभं राहू नये, ही तिची पुरवणी. म्हणजे पायाळू माणसाला आपला समाज उन्हाळ्यात शोधतो आणि पावसाळ्यात टाळतो. आईने फोन हातात घेतला आणि तासाभरात तीन पायाळू मिळवले: कऱ्हाडला मामांच्या नात्यातली एक सून, साताऱ्याचे एक निवृत्त तलाठी आणि आमच्याच बी विंगमधल्या एक वहिनी. वहिनींशेजारी आम्ही दहा वर्षं राहत होतो, पण त्या पायाळू आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. आईला साताऱ्याहून कळलं.

वहिनी बँकेत कॅशियर. बिचाऱ्या संकोचल्या. वयाने मोठ्या माणसाला पाय कसा लावायचा? शेवटी त्यांनी आधी मला वाकून नमस्कार केला, मग लाथ मारली, मग पुन्हा नमस्कार केला. आईने त्यांना हळदीकुंकू लावून हातात नारळ दिला. कंबर होती तिथेच राहिली, पण दोन्ही विंगचे संबंध सुधारले.

एवढं पाल्हाळ लावायचं कारण असं, की पायाळू माणूस आपल्याकडे तासाभरात मिळतो. फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे पीएमआर, या विषयात एमबीबीएसनंतर तीन वर्षं घालवून एमडी झालेला, दुखणाऱ्या माणसाला पुन्हा हिंडता-फिरता करणं हाच ज्याचा धंदा, असा डॉक्टर मात्र मिळता मिळत नाही. त्याला साताऱ्यात कोणी ओळखत नाही.

त्याआधी मी रीतसर मार्गानेही जाऊन आलो होतो. रीतसर मार्ग म्हणजे हाडांचे डॉक्टर. त्यांनी फोटो काढला, काचेवर लावला, “हाडं एकदम उत्तम,” म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता मला दुखण्याचं काही कारणच उरलेलं नाही. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कंबर दुखते म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे जाताना घरात थोडी कुजबुज झाली, पण तेही सज्जन निघाले. नस ठीक आहे म्हणाले. मग कोपऱ्यावरच्या सेंटरात शेक घेतला. तिथे कमरेला चार ओले पॅड चिकटवतात, मुंग्या येतील इतपत करंट सोडतात आणि पडदा ओढून निघून जातात. पडद्यापलीकडच्या माणसाची खांदेदुखी आणि त्याच्या जागेच्या व्यवहाराची पूर्ण हकिगत मला तिथे कळली. पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी “इंजेक्शन देता येईल, पण आत्ता गरज दिसत नाही,” असं खरं ते सांगितलं. आपल्याकडे असं सांगणाऱ्या डॉक्टरवर घरच्यांचा विश्वास बसत नाही.

थोडक्यात, प्रत्येकाने आपापल्या हद्दीतला भाग तपासून तो निर्दोष सोडला. हाड सुटलं, नस सुटली, स्नायू जामिनावर. आरोपी कोणीच नाही आणि गुन्हा मात्र रोज सकाळी सहा चोपन्नच्या लोकलला घडतोय.

मध्ये एमआरआयही झाला. एमआरआयची ती मोठी पिशवी हातात असली की लोकलमध्ये तुम्हाला कोणी जागा देत नाही, पण पिशवीला देतात. “फिल्म मुडेल, वर ठेवा वर,” असं म्हणत चार अनोळखी हातांनी ती रॅकवर चढवली. कंबर खालीच उभी राहिली. घरी आल्यावर ती फिल्म सगळ्यांनी ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. काकांनी एल फोर शोधून काढला आणि ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ या अर्थाने चष्मा पुसला. रिपोर्टातला ‘डिजनरेशन’ हा शब्द बायकोने मोठ्याने वाचला. “अहो, तुमची झीज झालीय म्हणे,” ती म्हणाली, आणि पुढे दोन दिवस मला भाजीची पिशवी उचलू दिली नाही.

आता गंमत ऐका. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही, अशा माणसांच्या स्कॅनचे अनेक अभ्यास एकत्र करून 2015 साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या, कसलीही तक्रार नसलेल्या लोकांपैकी 80 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या आणि 60 टक्क्यांच्या फुगलेल्या. विशीतल्या पोरांतही 37 टक्क्यांची झीज सुरू झालेली होती. म्हणजे माझ्या फिल्मवर जे दिसलं ते काकांच्याही कमरेत असणार. फरक इतकाच, की त्यांनी फिल्म काढलेली नाही. हे मी काकांना सांगितलं. त्यानंतर त्यांचीही कंबर दुखायला लागली.

पीएमआरच्या डॉक्टरला फिजियाट्रिस्ट म्हणतात. हा शब्द घरात आणला न्यू जर्सीच्या मावसभावाने. तो रविवारी फोन करतो आणि आपल्याकडच्या सगळ्या अडचणींवरचं तिथलं उत्तर सांगतो. यावेळी मात्र त्याच्या बोलण्यात तथ्य निघालं. त्याचा खांदा वर्षभर आखडला होता, तेव्हा तो अशाच डॉक्टरकडे गेला होता. हा शब्द अमेरिकेतच जन्मला. मेयो क्लिनिकच्या डॉ. फ्रँक क्रूसेन यांनी तो 1938 साली सुचवला. 1947 साली अमेरिकेत या विषयाच्या तज्ज्ञांसाठी स्वतंत्र मंडळ झालं. मध्ये दुसरं महायुद्ध होऊन गेलं होतं. हॉवर्ड रस्क नावाचे डॉक्टर त्या काळात अमेरिकन हवाई दलात होते. जखमा भरल्या तरी सैनिक खाटेवर नुसते पडून राहतात आणि पडून राहिल्यानेच आणखी खंगतात, हे पाहून त्यांनी त्या पोरांना खाटेवरच व्यायामाला आणि अभ्यासाला लावलं. टाके निघाले म्हणजे माणूस बरा झाला, हे त्यांना मान्य नव्हतं. तो परत कामावर गेला पाहिजे. आमच्या ऑफिसचंही मत असंच आहे, पण त्यामागची भावना वेगळी आहे.

आपल्याकडे ही विद्या आली तीही फार उशिरा नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या तरुण डॉक्टर मेरी व्हर्गीस यांना 1954 साली मोटार अपघात झाला आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. त्या चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे न्यू यॉर्कला रस्क यांच्याच संस्थेत शिकून आल्या आणि वेल्लोरला पुनर्वसनाचा विभाग उभा केला. 1972 साली त्यांना पद्मश्री मिळाली. इथे विनोद सुचत नाही आणि सुचवायचाही नाही.

आणि मुंबईत? हाजी अलीला, अगदी सिग्नलच्या तोंडावर, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था 1955 पासून उभी आहे. केंद्र सरकारची. नावात जे आहे तेच तिथे चालतं. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधले लोक डावीकडे दर्गा पाहतात, मग ज्यूस सेंटर पाहतात, मग ‘हा सिग्नल फार लांब असतो’ असं म्हणतात. पाटी कोणी वाचत नाही. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र तर 1944 चं. म्हणजे देशाला घटना मिळायच्या आधीपासून महाराष्ट्रात या कामाचा पाया आहे, आणि आमचा केमिस्ट मला विचारतो, “हे नवीन काय निघालंय?”

शोध मी घराजवळूनच सुरू केला. फोनवरची संभाषणं साधारण अशी.

“नमस्कार, तुमच्याकडे फिजियाट्रिस्ट आहेत का?”

“आहेत ना. बुधवार-शनिवार. झोप येते का पेशंटला?”

“झोप येते. कंबर दुखते.”

“मग सायकियाट्रिस्ट कशाला पाहिजे?”

दुसरीकडे मी धोरण बदललं आणि पूर्ण नाव सांगितलं. पलीकडच्या मुलीने ते लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं, होल्डवर ठेवलं, आणि आरतीची धून संपल्यावर म्हणाली, “सर, आमच्याकडे मेडिसिनचे डॉक्टर आहेत आणि फिजिकलसाठी फिजिओ आहेत. दोघांना दाखवलंत तर होईल का?” हिशेबात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

खरं तर फिजिओ आणि फिजियाट्रिस्ट या दोघांचं काम वेगळं आणि दोघांचं एकमेकांवाचून अडतं. फिजिओथेरपिस्ट साडेचार वर्षं शिकून व्यायाम आणि हालचालीचा जाणकार झालेला असतो, तुमचा पाय हातात धरून तो तुम्हाला चालवतो. पीएमआरचा डॉक्टर निदान करतो, औषध लिहितो, नसांची तपासणी करतो, लागलं तर सोनोग्राफीत बघून नेमक्या जागी सुई घालतो, आणि फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बूट-पट्टे-जयपूर फूट बनवणारे कारागीर अशा सगळ्यांची मोट बांधतो. एवढं सगळं करणारा माणूस पाटीवर काय लिहिणार? जागा पुरत नाही. म्हणून बहुतेकदा तो एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या पोटात, दुसऱ्या कोणाच्या तरी पाटीखाली बसलेला असतो.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी अखेर डोकं खाजवलं. त्यांच्याबरोबर शिकलेलं कोणीतरी या विषयाला गेलं होतं. “चांगली मार्कं होती हो,” ते हळहळून म्हणाले. पण त्यांनीच मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचं नाव दिलं आणि वर चिठ्ठीही दिली. 

सरकारी रुग्णालयात हा विभाग तळमजल्यावर असतो, हे सोयीचंच आहे. केस पेपरची खिडकी मात्र दुसऱ्या इमारतीत, सात पायऱ्या चढून. शेजारी उतार केलेला होता, त्यावर स्कूटर लावलेल्या होत्या. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “दाखला ना?”

“कसला?”

“अपंगत्वाचा. त्या विभागात दाखल्यालाच येतात सगळे.”

“नाही, मला डॉक्टर पाहिजेत.”

बाईंनी प्रथमच मान वर केली. “तपासायला?” त्या म्हणाल्या, आणि मला त्यांच्या आवाजात कौतुक जाणवलं.

विभागाच्या बाहेर लांबलचक दालन होतं. एका कोपऱ्यातून प्लास्टरचा ओला वास आणि कानस घासल्याचा आवाज येत होता. तिथे कोणाच्या तरी मापाचा पाय तयार होत होता. मधल्या टेबलाशी साठीच्या एक आजी बसल्या होत्या. पक्षाघातानंतर उजवा हात हळूहळू परत येत होता. त्यांच्यापुढे एक लाकडी फळी होती, आणि तिच्यावर दाराची कडी, नळाची तोटी, विजेचं बटण, कुलूप, चेन आणि शर्टाचं बटण-काज अशी सगळी घरगुती अडचण स्क्रूने ठोकून बसवलेली होती. आजी काजात बटण घालत होत्या. बटण तोंडापर्यंत यायचं आणि निसटायचं. शेजारी उभ्या सुनेला मदत करायची सक्त मनाई होती. तिने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते आणि प्रत्येक वेळी बटण निसटलं की तिचा खांदा पुढे यायचा. शेवटी बटण गेलं. सुनेने सुटकेचा श्वास सोडला. आजी तिला म्हणाल्या, “आता तू काढ ते. मी बघते.”

बाक भरलेले होते. मी भिंतीला टेकलो. समोर बसलेल्या पंचविशीतल्या पोराने विचारलं, “काका, तुमचं काय?”

“कंबर.”

“बसा, बसा,” म्हणत तो उठला. उठल्यावर दिसलं की त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नवा होता. मी नको नको म्हणालो. त्याने माझा दंड धरून मला बसवलंच. “मला उभं राहायची प्रॅक्टिसच सांगितलीय,” तो म्हणाला. मध्य रेल्वेवर बत्तीस वर्षं प्रवास केला, मला पूर्ण सीट पहिल्यांदा अशी मिळाली.

डॉक्टर मॅडम वयाने लहानच होत्या. मी बसल्याबरोबर एमआरआयची पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवली.

हा मला अपमान वाटला. तेवढे पैसे मोजून काढलेली फिल्म, चार जणांनी रॅकवर चढवलेली, ट्यूबलाइटसमोर सबंध विंगने पाहिलेली, ती स्टुलावर? “ती नंतर बघू,” मॅडम म्हणाल्या. “आधी तुम्हाला बघू.”

त्यांनी आधी भराभर काही प्रश्न विचारले. ताप येतो का, वजन उतरलंय का, लघवी-शौचाला काही त्रास, पायातली ताकद कमी वाटते का, रात्री पडून राहिल्यावरही दुखतं का? यातलं काही असतं तर पुढचा मार्ग वेगळा आणि घाईचा असता, असं त्यांनी सांगितलं. मग दहापैकी किती दुखतं ते विचारलं.

मी विचार करून म्हणालो, “साडेसहा.”

“घरी दहा सांगतात,” मागून बायको म्हणाली.

मग मला चालवलं. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, आडवं पाडून पाय सरळ वर उचलला, जमिनीवरचं पेन उचलायला लावलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी मला पेन उचलताना एवढं निरखून पाहिलं नव्हतं. नंतर दिवसभराची चौकशी. गादी कसली, खुर्ची कसली, बाथरूम कसलं, बॅगेत काय असतं. बॅगेतला डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि 2019 पासूनची जुनी मेडिक्लेमची कागदपत्रं यांची यादी बायकोनेच दिली.

“लोकलने येता-जाता? बसायला मिळतं?”

“मिळतं ना,” मी जरा अभिमानाने म्हणालो. “चौथी सीट.”

मॅडमनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

मुंबईबाहेरच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं. लोकलचा बाक तिघांचा असतो आणि त्यावर चौघे बसतात. चौथा बसतो म्हणजे त्याचा एक कुल्ला बाकावर असतो आणि दुसरा रेल्वेच्या भरवशावर. एक पाय मध्ये, दुसरा पाय जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या वाटेत, कमरेला पीळ, मान तिसऱ्या माणसाच्या मोबाइलकडे. कोणी उठून गेलं तर सरकता येईल या आशेवर तो कुर्ल्यापर्यंत येतो, आणि कुर्ल्याला कोणीच उतरत नाही. तरी ती सीट मिळाली की माणूस भाग्यवान समजला जातो. ‘जरा सरका’ म्हणायचा हक्क तिच्यावर असतो. आमच्या गटात ती सीट वयोमानाने मिळते.

“कुठली बाजू बाहेर असते?” मॅडमनी विचारलं.

“बहुतेक उजवी.”

“किती वेळ?”

“जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास.”

त्यांनी मला पालथं झोपवलं आणि डाव्या कुल्ल्याच्या वरच्या बाजूला अंगठ्याने नेमकी एक जागा दाबली. मी असा ओरडलो की बाहेर कानशीचा आवाज थांबला. एवढ्या सगळ्या तपासण्यांत, फोटोत, फिल्मवर जी जागा कोणाला सापडली नव्हती, ती या बाईंना रेल्वेच्या वेळापत्रकावरून सापडली. चौथ्या सीटमुळेच सगळं झालं असं त्या म्हणाल्या नाहीत; वय आहे, बसकाम आहे, पोटाचे स्नायू संपावर आहेत. पण रोज अडीच तास एकाच बाजूवर पिळून बसल्यावर कमरेने तरी किती ऐकून घ्यायचं?

मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो आजवर कोणीच विचारला नव्हता.

“तुम्हाला काय करता येत नाही?”

“कंबर दुखते ना.”

“ते लिहिलंय. करता काय येत नाही? जे तुम्हाला करायचंच आहे?”

मी बायकोकडे पाहिलं. या वयात हा प्रश्न अचानक कोणी विचारला की माणूस गडबडतो. मी म्हणालो, “आरतीला उभं राहता येत नाही.”

“सविस्तर सांगा.”

सविस्तर सांगितलं. आमच्याकडे गौरींसह गणपती असतात. सकाळ-संध्याकाळ पाच आरत्या: गणपती, शंकर, देवी, दत्त आणि शेवटी विठोबा. मग मंत्रपुष्पांजली, मग स्वतःभोवती गिरकी. गेल्या वर्षी मला तिसऱ्या आरतीला खुर्ची आणून दिली होती, आणि घरचा कर्ता माणूस खुर्चीत बसून टाळ वाजवतोय हे पाहून आलेल्या पाहुण्यांनी ‘तब्येत बरी नाही का?’ असं बायकोला एकेकट्याने विचारलं होतं. त्यातून विठोबाच्या आरतीत आमचे एक चुलते असतात, त्यांना मधलं एक अक्षर दम संपेपर्यंत ओढायची हौस आहे. ते ओढत असताना सगळ्यांना थांबावं लागतं.

मॅडम हसल्या नाहीत. केस पेपरवर त्यांनी व्यवस्थित लिहिलं: ‘ध्येय – पाच आरत्या, मंत्रपुष्पांजली, विना आधार.’ सरकारी कागदावर मंत्रपुष्पांजली मी पहिल्यांदा पाहिली.

दुखणं शून्यावर येईलच असं नाही, तीनवर आलं तरी उभं राहता आलं पाहिजे, अशी त्यांची बोली होती. थोडे दिवस एक गोळी, कमरेचा पट्टा हळूहळू सोडायचा, दोन-दोन स्टेशनांनी उठून उभं राहायचं, चौथी सीट घ्यायचीच असेल तर बाजू बदलून घ्यायची, ऑफिसात अर्ध्या तासाने एक फेरी. आणि पलीकडच्या खोलीत फिजिओ शिकवतील ते व्यायाम, रोज. शेवटी त्यांनी एमआरआयही पाहिला, आमच्या समाधानासाठी. “वयाप्रमाणे आहे,” म्हणाल्या आणि परत पिशवीत घातला.

सोसायटीत या सगळ्याची फार निराशा झाली. जिन्यात सभा भरली होती, पण सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. “इंजेक्शन?” सेक्रेटरींनी विचारलं. नाही. “ऑपरेशनचं काही बोलले?” नाही. “म्हणजे पोटासाठी व्यायाम सांगायला एवढं शिकतात?” काका म्हणाले. “एवढ्या लांब जाऊन व्यायामच करायचा होता, तर मी सांगितला असता.” हे बाकी खरं होतं. काकांनी तो सांगितलाही होता, अनेकदा. पण ते सांगायचे तेव्हा खुर्चीत बसलेले असायचे.

व्यायाम करायचे कुठे, हाही प्रश्नच. आमचा हॉल दहा बाय बारा. सतरंजी अंथरली की किचनकडे जाणारी वाट बंद होते. मी पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलतो तो पुलाचा व्यायाम, आणि नेमक्या त्याच वेळी घरातल्या प्रत्येकाला पाणी प्यायला जायचं असतं. सगळे पुलावरून जातात. आई जाताना दर वेळी म्हणते, “त्या वहिनींना एकदा परत बोलवावं का?”

गणपती झाल्यावर पुन्हा गेलो. आजी दिसल्या नाहीत, फळीवर दुसरं कोणी कुलूप उघडत होतं. मॅडमनी केस पेपर काढला आणि ध्येयाच्या ओळीवर बोट ठेवलं.

“किती झाल्या?”

“चार उभ्याने, सरळ. गिरकीपण घेतली.”

“पाचवी?”

मी बायकोकडे पाहिलं. खोटं बोलायची सोय नव्हती. “विठोबाच्या आरतीला फ्रिजला हात टेकला,” मी म्हणालो. “चुलत्यांनी ते अक्षर ओढायला घेतलं तेव्हा.”

मॅडमनी गंभीरपणे लिहून घेतलं. मग विचारलं, “साधारण किती सेकंद ओढतात?”

बायकोने पर्समधून मोबाइल काढला. तिने व्हिडिओ केला होता. बाहेर नंबर लावून बसलेले लोक आत डोकावले. विठोबाची आरती सुरू झाली, आणि मॅडमनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत मला खूण केली.

“उभे राहा,” त्या म्हणाल्या. “टेबलाला हात नाही लावायचा.”